कितवी गल्ली? शाहू महाराजांनी वसवलेल्या गावांची गोष्ट

पावसाळ्यात मुरगूडमध्ये एक बातमी हमखास होते. सर पिराजीराव तलाव भरला, सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. मुरगूड, यमगे, शिंदेवाडी इथल्या शेतीचं आणि पिण्याच्या पाण्याचं गणित या तळ्यावर बसलेलं आहे. त्यामुळं तळं भरलं की लोक गाड्या काढून बघायला जातात, स्टेटसला फोटो लागतात. जवळूनच वेदगंगा वाहते, तरी मुरगूडकरांचा जीव या तळ्यात अडकलेला असतो.

आता हे सर पिराजीराव कोण? तर कागलचे जहागीरदार पिराजीराव घाटगे, ज्यांना लोक बापूसाहेब महाराज म्हणायचे. कोल्हापूर संस्थानात कागलच्या घाटग्यांची जहागीर होती आणि मुरगूडचा भाग त्या जहागिरीत होता. या बापूसाहेबांना एक थोरला भाऊ होता, यशवंतराव. हा थोरला भाऊ दहा वर्षांचा व्हायच्या आत कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि त्याचं नाव बदललं. पुढं सगळ्या देशानं त्याला राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखलं.

शाहू महाराज म्हटलं की आरक्षण, वसतिगृहं, वेदोक्त प्रकरण हे सगळं डोळ्यांसमोर येतं. ते बरोबरच आहे. मात्र कोल्हापूर जिल्ह्यात राहणारा माणूस रोज सकाळी उठून ज्या महाराजांच्या कामावरून चालत जातो, ते काम थोडं वेगळं आहे. बाजारपेठ, गल्ली, धरण, कुस्तीचं मैदान, नाट्यगृह, बोर्डिंग. कुणी गावात राहायचं, कुणी कुठलं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचा चहा कुणी घ्यायचा, हे सगळं त्यांनी जागेच्या भाषेत सोडवायला घेतलं होतं.

तर सुरुवातीपासून बघू.

२६ जून १८७४ ला कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई, मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. यशवंतराव तीन वर्षांचेही नव्हते तेव्हा आई गेली. इकडं कोल्हापूरच्या गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या देखरेखीखाली असतानाच वारले. गादीला वारस नव्हता. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं. दोन वर्षांनी वडीलही गेले. म्हणजे बाराव्या वर्षी या पोराकडं एक आख्खं संस्थान होतं आणि आईबाप दोघंही नव्हते. पुढं ज्या दोन गावांना त्यांनी घरातली नावं दिली, त्यातलं एक वडिलांचं होतं. ते पुढं येईलच.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. फ्रेझरनं त्यांना देशभर फिरवलं. याच काळात कोल्हापूरला रेल्वे येत होती. मिरज ते कोल्हापूर मार्गाच्या कामाची पहिली कुदळ १८८८ मध्ये याच तरुण महाराजांच्या हातून पडली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. त्याच वर्षी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न झालं. २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हातात आला, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते.

आता कोल्हापूर तेव्हा कसं होतं हे समजून घेतलं पाहिजे. अंबाबाईच्या देवळाभोवती आणि जुन्या वाड्याभोवती दाटीनं वसलेलं, तटबंदीच्या काळातलं शहर. पेठा, तालमी आणि पाणवठे. आजच्या गांधी मैदानावर तेव्हा वरुणतीर्थ नावाचं तळं होतं, आजच्या कपिलतीर्थ मार्केटच्या जागी कपिलतीर्थ. जुन्या कोल्हापूरकराला अजूनही मोठ्या पावसात गांधी मैदानात पाणी साठलं की नवल वाटत नाही. तळं आपली जागा विसरत नाही.

या दाटीत व्यापार वाढायला जागा नव्हती. पंचगंगेच्या आणि वारणेच्या काठानं ऊस होता, गुऱ्हाळं होती, गूळ होता. रेल्वेही आली होती. फक्त शेतकऱ्याचा गूळ आणि रेल्वेचा डबा यांच्यामध्ये धड बाजारपेठ नव्हती. १८९५ मध्ये महाराजांनी जुन्या शहराबाहेर, स्टेशनच्या बाजूला नवीन पेठ वसवली. तिचं नाव शाहूपुरी. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या आणि गुळाचा व्यापार तिथं रुजवला. गुऱ्हाळातून निघालेला रवा बैलगाडीतून शाहूपुरीत आणि तिथून देशभर जायला लागला. कोल्हापुरी गूळ हे नाव ज्या बाजारपेठेनं मोठं केलं, ती हीच. पुढं १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली आणि शेतकऱ्यांच्या पेठेशेजारी कामगारांची वस्तीही आली.

शाहूपुरीची खरी गंमत तिच्या पत्त्यात आहे. जुन्या कोल्हापुरात पत्ता सांगायचा तर तालमीचं नाव, देवळाचं नाव, नाहीतर जातीच्या नावाची गल्ली. शाहूपुरीत पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. सरळ रस्ते, आकड्यांची नावं. पुढं त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या नावानं राजारामपुरी वसली, तिथंही हाच हिशेब. आजही राजारामपुरीत पाहुणा आला की पहिला प्रश्न कितवी गल्ली हाच असतो, माणसाचं नाव नंतर. आकड्याला जात नसते, ही गोष्ट तेव्हाच्या काळात किती मोठी होती याचा अंदाज आज नुसता गुगल मॅप बघून येत नाही. अर्थात शाहूपुरीतही कुंभार गल्ली आहेच, आणि पूर आला की पाणी आधी तिथं शिरतं. नकाशा सरळ काढला तरी नदी वाकडी येते.

हाच सरळ नकाशा त्यांनी अजून मोठ्या प्रमाणावर काढला तो शिरोळच्या बाजूला. मिरज-कोल्हापूर रेल्वेवर शिरोळ रोड नावाचं स्टेशन होतं. तिथल्या मोकळ्या जागेत महाराजांनी एक आख्खं नवं गाव आखलं आणि त्याला वडिलांचं नाव दिलं, जयसिंगपूर. एकमेकांना समांतर गल्ल्या, काटकोनात छेदणारे रस्ते, रेल्वेला लागून बाजारपेठ. जयसिंगपूरकर आजही पत्ता गल्ली नंबरानंच सांगतो. शेंगा, तंबाखू, मिरची आणि नंतर ऊस, या मालानं गावाला पैसा दिला. शिरोळ तालुक्याचं मुख्यालय शिरोळला असलं तरी बाजाराला जायचं म्हटलं की लोक जयसिंगपूरचंच नाव घेतात.

हे सगळं छान चाललं होतं असं अजिबात नाही. राज्य हातात येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच १८९६ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, रस्ते आणि तलावांची कामं सुरू केली, जनावरांसाठी चाऱ्याची सोय केली, कामावर येणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी शिशुगृहं काढली. प्लेगात लोकांना घरं सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहावं लागलं. दाटीची वस्ती माणूस मारते आणि पाणी नसलं तर राज्य बसतं, हे दोन धडे पहिल्या पाच वर्षांतच समोर आले. नंतरच्या कामांमागं हे दोन धडे स्पष्ट दिसतात.

त्यातला दुसरा धडा म्हणजे राधानगरी.

निपाणीहून मुरगूड, मुदाळ तिट्टा करत कोकणात उतरणारा रस्ता राधानगरीवरून जातो. या भागात पाऊस असा पडतो की छत्रीला काही अर्थ उरत नाही, आणि पूर्वी हे सगळं पाणी भोगावतीतून निघून जायचं. उन्हाळ्यात नदी कोरडी. महाराजांनी फेजिवडे इथं भोगावतीवर मोठं धरण बांधायचं ठरवलं. १९०८-०९ च्या सुमारास काम सुरू झालं. तिथं गाव वसवलं आणि त्याला मुलीचं, म्हणजे राधाबाई अक्कासाहेबांचं नाव दिलं, राधानगरी. धरणाच्या तलावाला राणीसाहेबांचं नाव, लक्ष्मी तलाव.

धरण आणि गाव एकमेकांच्या आधारानं उभं राहणं जगात नवीन नाही. नेदरलँड्समध्ये तर शहरांच्या नावातच धरण आहे. ॲम्स्टेल नदीवर बांध घातला म्हणून ॲम्स्टरडॅम, रोट्टे नदीवर घातला म्हणून रॉटरडॅम. फरक इतकाच की तिथल्या लोकांना पाणी बाहेर ठेवायचं होतं, इथल्या लोकांना आत.

एका संस्थानानं आपल्या खिशातून एवढं धरण बांधायला घेणं हे तेव्हा धाडसच होतं. सिमेंटचा जमाना नव्हता, दगड आणि चुन्याचं काम, डोंगरातला पाऊस आणि मर्यादित पैसा. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईत १९१८ मध्ये काम थांबलं. भिंत साधारण चाळीस फूट झाली होती. महाराजांनी पूर्ण धरण कधीच पाहिलं नाही. पुढं राजाराम महाराजांच्या काळात काम परत सुरू झालं आणि धरण पूर्ण व्हायला १९५७ साल उजाडलं. तोवर संस्थान विलीन होऊन आठ वर्षं झाली होती.

आज हे धरण कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, बटण दाबावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरीचा कितवा दरवाजा उघडला आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली, हे दोन आकडे शाळकरी पोरालाही माहीत असतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. शेतकऱ्याला दरवाजा उघडला की आनंद, नदीकाठच्या माणसाला धास्ती. एकाच शहरातल्या दोन माणसांना एकच धरण किती वेगळं दिसतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

याच जंगलात महाराजांचं शिकारीचं रान होतं, दाजीपूर. शिकारीसाठी राखलेलं हे रान पुढं गव्यांचं अभयारण्य झालं, १९५८ मध्ये.

आता पुन्हा कोल्हापुरात येऊ, कारण खरी लढाई शहरात होती.

मुरगूड, गारगोटी, आजरा, कुठल्याही गावातून एखादा हुशार पोरगा शिकायला कोल्हापुरात आला असं समजा. राजाराम कॉलेज होतं, शाळा होत्या, प्रवेशही मिळाला असता. मग रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं कुठं? घर भाड्यानं मिळायचं ते जात विचारून. पंगतीला बसायचं तेही जात विचारून. ब्राह्मणेतर पोरांचं शिक्षण बुद्धीवर अडत नव्हतं, ते बिछान्यावर आणि ताटावर अडत होतं. महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. नंतर मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. जागा, इमारती, कायमचं उत्पन्न असं जे लागेल ते दरबारातून मिळालं. आज दसरा चौकात उभं राहिलं की महाराजांच्या पुतळ्याच्या आजूबाजूला ही बोर्डिंगं दिसतात. सीमाभागापासून कोकणापर्यंतच्या किती घरांतला पहिला शिकलेला माणूस या खोल्यांत झोपून शिकला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

जातवार बोर्डिंग काढल्यानं जात पक्की झाली, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. टीकेत तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. मात्र तेव्हा सगळ्यांना एकत्र ठेवायचं म्हटलं असतं तर ज्याला कुठंच जागा नव्हती तो पोरगा पुन्हा रस्त्यावरच राहिला असता. महाराजांनी आधी छप्पर दिलं. तेही सगळ्या जातींना, फक्त आपल्या जातीला नाही.

या सगळ्याच्या मागं पंचगंगेच्या घाटावरचा अपमान होता. कार्तिक महिन्यात पहाटेच्या स्नानाला गेलेल्या छत्रपतींसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो, हे लक्षात आलं आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. ज्या घाटाचा मालक राजा, त्याच घाटावर राजा शूद्र. मग बाकीच्यांची काय कथा? १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडं असतानाच, २६ जुलै १९०२ ला, संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला. कचेरीच्या खुर्चीत कोण बसतं, यावर शहराचा चेहरा ठरतो.

युरोपच्या दौऱ्यातून त्यांनी अजून एक गोष्ट आणली. रोमचं कॉलॉसियम पाहून आल्यावर खासबाग मैदानाची कल्पना सुचली असं सांगतात. १९१२ मध्ये तयार झालेल्या या मैदानात मधोमध आखाडा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक आहे, त्यामुळं शेवटच्या ओळीतल्या माणसालाही तांबड्या मातीतला डाव दिसतो. त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, १९१५ मध्ये. तेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून लोक रडत होते. नाट्यगृहात नोकरी नाही, नाटकात काम नाही, अशी साधी माणसं. कुणी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं नाटक बघितलेलं, कुणाचं शाळेचं गॅदरिंग तिथं झालेलं.

महाराजांच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत तर आदेशांचा धडाकाच लागला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. १९१८ मध्ये महार वतनं रद्द झाली, आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज हजेरी द्यायला लावणारी पद्धतही. फासेपारध्यांना त्यांनी नोकऱ्या दिल्या, राहायला घरं दिली. ज्यांना बघून गाव दारं लावून घेत होतं, त्यांना राजानं पहाऱ्यावर ठेवलं. १९१९ मध्ये पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायला बंदी आली आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांबरोबर बसवण्यात आलं.

आदेश निघाला तरी शहर लगेच बदलत नाही, हे महाराजांना माहीत होतं. गंगाराम कांबळे यांचं प्रकरण त्याचंच. महाराजांच्याच पागेत कामाला असलेल्या गंगारामांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून बाकीच्या नोकरांनी त्यांना मारलं. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, आणि गंगारामांना महाराजांनी पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक येईना. महारानं केलेला चहा कोण पिणार? मग महाराज गाडी घेऊन तिकडं यायला लागले. भर रस्त्यात गाडी थांबवायची, गंगारामांकडून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही द्यायचा. राजानं कप पुढं केल्यावर नाही कोण म्हणणार. कागदावरचा हुकूम रस्त्यावर कसा उतरवायचा, तर असा.

मार्च १९२० मध्ये माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. हे माणगाव कागल जहागिरीतलंच, म्हणजे बापूसाहेबांच्या अमलातलं. अध्यक्ष होते तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेले एक तरुण प्राध्यापक, भीमराव आंबेडकर. महाराज स्वतः तिथं गेले आणि हा तुमचा पुढारी आहे हे लोकांना सांगून आले.

दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ ला, मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजवर महाराजांचं निधन झालं. वय होतं ४७. पार्थिव कोल्हापुरात आणलं आणि त्याच पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. राधानगरीची भिंत अर्धी उभी होती. आपली समाधी नर्सरी बागेत असावी अशी त्यांची इच्छा होती. राजवाड्यात नाही, देवळाजवळ नाही, तर आजच्या सिद्धार्थनगरच्या दलित वस्तीला लागून असलेल्या या बागेत. ती इच्छा पूर्ण व्हायला २०२० साल लागलं.

६ मे २०२२ ला त्यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. सकाळी बरोबर दहा वाजता कोल्हापूर १०० सेकंद थांबलं. सिग्नलला गाड्या बंद झाल्या, दुकानदार काउंटर सोडून बाहेर आले, भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. शाहूपुरीत, राजारामपुरीत, दसरा चौकात माणसं जिथं होती तिथंच उभी राहिली. मग शंभर सेकंद संपले आणि पुन्हा हॉर्न सुरू झाले.